कुसुंबा कीं मॅजेंटा? एका निर्णयाची दुरुस्ती

बारा वर्षांपूर्वीं मंडळाच्या एका पाक्षिक सभेंत मीं एका शेल्याच्या परीक्षेसंबंधीं टिपण वाचलें होतें. सातारा प्रांतांतील एका इनामदार घराण्यानें आपल्या कागदांचा एक रुमाल व त्याबरोबर एक सुती शेला मंडळास पाहावयास दिला होता. रुमालांत शके १७३१ मधील एक मोडी याद होती, आणि तींत लग्नप्रसंगीं आलेल्या वस्त्रांच्या नोंदींत एका कुसुंबी शेल्याची नोंद होती. यादींतला शेला तो हाच, असें घराण्याचें म्हणणें. मीं तें अमान्य केलें. माझीं कारणें दोन होतीं. एक, घडीच्या आंतल्या अंगाचा गुलाबी रंग इतका भडक होता कीं तो जुना देशी रंग असणें मला संभवनीय वाटलें नाहीं. तो विलायती मॅजेंटा होय असें मीं ठरविलें. दुसरें, यादीच्या कोपऱ्यावर जांभळ्या शाईचा वाटोळा शिक्का होता. तशी शाई पेशवाईंत नव्हती, म्हणून यादही मागाहूनची नक्कल असावी असें मीं म्हटलें. सभेंत कोणीं हरकत घेतली नाहीं. शेला परत गेला. तो नेण्यास आलेल्या वृद्ध बाई एवढेंच म्हणाल्या, “मास्तर, आमच्या सासूबाई दसऱ्याला तो काढून देवापुढें ठेवीत. तुम्ही म्हणतां तर नसेल तो.”

तो माझा निर्णय चुकीचा होता. चूक नुसती कबूल करून भागत नाहीं. ती कोणत्या अज्ञानांतून झाली तेंही सांगितलें पाहिजे. कारण तें अज्ञान माझ्या एकट्याचें नाहीं. जुनें वस्त्र, पोथीचें बासन, चित्र किंवा शिक्का पाहतांना ‘विलायती रंग’ असा शेरा आपण सहज मारतों. पण हे विलायती रंग कोणते, ते केव्हां निघाले आणि कोणत्या तंतूवर कसे बसतात याची चौकशी आपल्यापैकीं फार थोड्यांनीं केली आहे.

माझें सर्व आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें, म्हणून या चुकीची मला अधिकच लाज वाटते. रंगविण्याच्या द्रव्यावरून रंगविलेल्या वस्त्राचें नांव कसें साधावें हें सांगण्यासाठीं पाणिनीनें अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत स्वतंत्र सूत्र घातलें आहे. मंजिष्ठेनें रंगविलेलें तें माञ्जिष्ठ, लाखेनें रंगविलेलें तें लाक्षिक. म्हणजे वस्त्राला नांव मिळे तें डोळ्यांना दिसणाऱ्या छटेवरून नव्हे, द्रव्यावरून. हें सूत्र मीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. आणि यादींत ‘कुसुंबी’ हा शब्द समोर असतां तो छटेचा शब्द समजून बाजूस सारला.

याहून बोलका दाखला साहित्यशास्त्रांत आहे. चौदाव्या शतकांतील विश्वनाथानें साहित्यदर्पणांत पूर्वरागाचे तीन प्रकार केले आहेत: नीलीराग, कुसुंभराग व मंजिष्ठाराग. नीलीराग बाहेर फारसा झळकत नाहीं, पण मनांतून जात नाहीं. कुसुंभराग झळकतो आणि जातो. मंजिष्ठाराग झळकतो आणि जातही नाहीं. प्रेमाचें हें वर्गीकरण रंगाऱ्याच्या कुंडावरून उचललेलें आहे हें उघड आहे. रंगाचें तेज आणि रंगाचा टिकाऊपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत, आणि एक असला म्हणजे दुसरा असतोच असें नाहीं, हें आपल्या लोकांना पक्कें ठाऊक होतें. ज्या कृत्रिम रंगांविषयीं पुढें लिहावयाचें आहे त्यांना विश्वनाथाच्या परिभाषेंत बसवावयाचें तर ते सर्व कुसुंभरागांत जातील.

आतां त्यांचा जन्म. अनिलीन हा शब्द ऐकून एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें कीं याचा अनिलाशीं म्हणजे वाऱ्याशीं कांहीं संबंध आहे काय. वाऱ्याशीं नाहीं, पण संस्कृताशीं आहे. आपली ‘नीली’ फारशींत ‘नील’ झाली, अरबांनीं तिच्यामागें आपलें उपपद लाविलें, आणि पोर्तुगीजांच्या तोंडीं तिचें ‘अनिल’ झालें. १८२६ त उन्फेर्डोर्बेन या जर्मन रसायनज्ञानें निळीचें ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव्य मिळविलें. १८३४ त रुंगे यास दगडी कोळशाच्या डांबरांत तसेंच द्रव्य सांपडलें. पुढें फ्रित्शे यानें निळीपासून काढलेल्या द्रव्यास तिच्या पोर्तुगीज नांवावरून अनिलीन म्हटलें. आणि १८४३ त हॉफमन यानें हीं सर्व द्रव्यें एकच असल्याचें दाखविलें. ज्या द्रव्यापासून पुढें आपल्या रंगाऱ्यांच्या पोटावर पाय आणणारे रंग निघाले, त्याच्या नांवांत आपलीच नीळ आहे.

हॉफमन लंडनच्या रसायन महाविद्यालयांत शिकवीत असतां विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा त्याच्या हाताखालीं होता. १८५६ च्या ईस्टरच्या सुटींत घरच्या लहानशा प्रयोगशाळेंत तो क्विनीन कृत्रिम रीतीनें बनविण्याच्या खटपटींत होता. हिंवतापाचें हें औषध सिंकोना झाडाच्या सालीपासूनच मिळे. क्विनीन साधलें नाहीं. मग त्यानें अनिलीनावर पोटॅशियम डायक्रोमेटाचा प्रयोग केला, तेव्हां काळा गाळ बसला. तो फेंकून न देतां मद्यार्कांत विरघळविला तों सुंदर जांभळा रंग निघाला. त्याचें अनिलीन शुद्ध नव्हतें, त्यांत टोलुइडीनाची भेसळ होती. आणि हा रंग बनण्यास ती भेसळच कारण झाली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पर्किननें पेटंट घेतलें आणि १८५७ त लंडनजवळ ग्रीनफर्ड येथें कारखाना काढला. रंगाचें नांव मोव्ह असें पडलें. (क्विनीन शोधतांना ज्या जातीचा रंग सांपडला, त्याच जातीचा मेथिलीन ब्ल्यू १८९१ त एर्लिश व गुटमान यांनीं हिंवतापाच्या रोग्यांना औषध म्हणून दिला. शास्त्राचा इतिहासही कधीं कधीं प्रहसन लिहितो.)

माझ्या विषयास अधिक जवळचा रंग म्हणजे मॅजेंटा. फ्रान्सांतील लियाँ हें रेशमाचें शहर. तेथें वेर्गें यानें अनिलीन व कथलाचा क्लोराइड एकत्र तापवून झगझगीत तांबडा रंग काढला आणि एप्रिल १८५९ त तेथील रनार बंधूंच्या पेढीनें त्याचें पेटंट घेतलें. त्याला फुक्सीन म्हणत. त्याच वर्षीं ४ जूनला उत्तर इटलींत मॅजेंटा गांवाजवळ फ्रेंच व सार्डिनियन सैन्यानें ऑस्ट्रियाचा पराभव केला, आणि त्या लढाईचें नांव रंगास चिकटलें. पुढें कथलाच्या क्षाराऐवजीं आर्सेनिक आम्ल वापरण्याची रीत निघाली. ती स्वस्त होती, पण कारखान्याच्या सांडपाण्याबरोबर सोमल जमिनींत उतरे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथें १८६४ त अशा एका कारखान्याशेजारच्या विहिरी नासून माणसांना विषबाधा झाली. इतक्या देखण्या रंगाच्या पोटांत सोमल होता, ही गोष्ट आपल्याकडे आलेल्या पुड्यांवर अर्थातच कोणीं लिहिली नव्हती.

यानंतर रंगांचा पूर लोटला. त्यांतले जे आपल्या कामाचे तेवढेच सांगतों. बिस्मार्क ब्राउन १८६३ चा. मेथिल व्हायोलेट १८६१ त लोत यानें काढला. रबरी शिक्क्यांची जांभळी शाई आणि ओलावल्यावर जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल हीं त्याचींच अपत्यें. मेथिलीन ब्ल्यू १८७६ चा. मॅलाकाइट ग्रीन ऑटो फिशर यानें १८७७ त काढला. नांव मॅलाकाइट या हिरव्या खनिजावरून पडलें, खनिजाचा त्यांत अंशही नाहीं. पिवळा ऑरामीन १८८३ चा, आणि दिव्याखालीं चमकणारा गुलाबी ऱ्होडामीन बी १८८७ चा.

या सर्वांना इंग्रजींत बेसिक डाय म्हणतात. मराठींत क्षारकीय रंग म्हणावें. यांचा रंगीत भाग पाण्यांत धनविद्युद्भारित असतो. रेशीम व लोंकर हे प्राणिज तंतु. त्यांत आम्लधर्मी ऋणभारित जागा असतात, म्हणून हे रंग त्यांना आपोआप चिकटतात, इतके कीं चिमूटभर रंगानें मोठा लाट रंगून निघतो. कपाशीच्या तंतूंत अशा जागा जवळजवळ नाहींत. म्हणून सुतास प्रथम टॅनिनाच्या काढ्यांत भिजवावें लागतें, मग टार्टार एमेटिक या अँटिमनीच्या लवणानें तें टॅनिन तंतूवर पक्कें बसवावें लागतें, आणि त्यानंतर रंगाच्या कुंडांत घालावें लागतें. हा मधला बंध चुकविला कीं पहिल्या धुण्यांतच रंग उठतो. बंध नीट दिला तरी उन्हापुढें सुतावर, रेशमावर वा लोंकरीवर या रंगांचा टिकाव लागत नाहीं. (१९५० नंतर ॲक्रिलिक नांवाचा कृत्रिम तंतु बाजारांत आला, त्यावर मात्र हेच रंग उन्हांतही चांगले टिकतात. दोष एकट्या रंगाचा नव्हता, रंग व तंतु यांच्या जोडीचा होता.)

टॅनिन आपल्या रंगाऱ्यांस नवें नव्हतें. हिरड्याच्या काढ्यांत कापड भिजविणें हा त्यांचा पिढीजात पाठ, आणि सह्याद्रीचा हिरडा मुंबई बंदरांतून परदेशीं जात असे. नवा होता तो अँटिमनीचा बंध, आणि बाजारांतली पुडी विकणारा तो बहुधा सांगत नसे. ऊन पाण्यांत पुडी सोडली, कापड बुडविलें, वाळत घातलें, झालें. ‘पुडीचा रंग कच्चा’ ही म्हण अशा कामावरून पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांहीं लोकांनीं हें शास्त्रशुद्ध शिकविण्याचें मनावर घेतलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० त कलाभवन निघालें व त्रिभुवनदास गज्जर यांनीं तेथें रंगकामाचें शिक्षण सुरू केलें. मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास १८९६ त चाफेकरांनीं डांबर फांसलें, तेव्हां तो स्वच्छ करणारे रसायनज्ञ हेच गज्जर. डांबरापासून काय निघतें आणि डांबर कशानें निघतें, दोन्ही त्यांस ठाऊक होतें.

येथें एका सरसकट समजुतीचा निरास करणें जरूर आहे. ‘जर्मन रंग आले आणि देशी रंग बुडाले’ असें वाक्य आपल्या पुष्कळ लेखांत असतें. वाक्य खोटें नाहीं, पण तीन निरनिराळ्या घटना त्यांत एकत्र कोंबल्या आहेत. खानदेश-वऱ्हाडांतील आलीचें मूळ आणि उत्तरेकडील मंजिष्ठा मागें पडलीं तीं अलिझरिनामुळें. तें ग्रेबे व लिबरमान यांनीं १८६८ त कृत्रिम रीतीनें बनविलें, आणि तें क्षारकीय जातीचें नाहीं, तुरटीच्या बंधानें बसणारें व पक्कें आहे. नीळ बुडाली ती १८९७ त कृत्रिम नीळ बाजारांत आल्यावर. तीही वेगळ्या जातीची, आणि गुणांत खऱ्या निळीच्या तोडीची. क्षारकीय रंगांनीं आघात केला तो मुख्यतः कुसुंब्यावर आणि लाखेच्या रंगावर. कुसुंब्याचें कारण विश्वनाथाच्या वर्गीकरणांतच आहे. नीली व मंजिष्ठा यांच्या जागीं बसण्यास टिकाऊ प्रतिस्पर्धी पाहिजे होता, तो यावयास वेळ लागला. कुसुंबा स्वतःच जाणारा रंग होता. लग्नाच्या, सणाच्या वस्त्राला तो देत, आणि गेला म्हणजे पुन्हां देत. जाणाऱ्या रंगाची जागा दुसऱ्या, स्वस्त व झटपट अशा जाणाऱ्या रंगानें घेतली तर गिऱ्हाइकानें तक्रार कां करावी? कुसुंबा करणें हें चिकाटीचें काम होतें: करडईच्या फुलांतला पिवळा अंश पाण्यानें धुवून काढावयाचा, मग खाराच्या पाण्यांत तांबडा अंश उतरवावयाचा, मग लिंबाच्या रसानें तो सुतावर आणावयाचा. पुडीला अर्धी घटकाही लागत नसे. मुंबई इलाख्यांतील रंगकामावर फॉसेट यांनीं १८९६ त प्रबंध लिहिला, त्या सुमारास ही अदलाबदल बरीचशी होऊन चुकली होती.

शब्द मात्र मागें राहिले, आणि संशोधकास ते फसवितात. किरमिजी, गुलाबी, कुसुंबी हे शब्द द्रव्यापासून सुटून नुसत्या छटेचे झाले. १८९० च्या एखाद्या यादींतील ‘किरमिजी’ म्हणजे मॅजेंटा असूं शकेल. पण म्हणून १८०९ च्या यादींतील ‘कुसुंबी’चाही तसाच सैल अर्थ करणें हें काळ उलटा वाचणें होय, आणि मीं तेंच केलें.

आतां कालनिर्णयाची गोष्ट. नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर जेथें मॅजेंटा तेथें १८५९ नंतरचा काळ, ही व्याप्ति निर्दोष आहे. परंतु जेथें मॅजेंटा नाहीं तेथें १८५९ पूर्वींचा काळ, ही व्याप्ति नव्हे. कारण जुने रंग नव्यांच्या बरोबरीनें पुढेंही वापरांत राहिले. शिवाय हेतु कोणत्या पक्षावर आहे तेंही पाहिलें पाहिजे. रुमालाचें कापड मॅजेंटाचें असलें तर कापड मागाहूनचें. आंतले कागद नव्हेत. जुनें बासन फाटलें म्हणजे नवें घालतात. तसेंच शिक्क्याचें. आपले कागद काजळीच्या शाईचे. ती शाई उन्हानें उडत नाहीं. त्यावर जांभळा शिक्का असला तर तो शिक्का १८६१ नंतर मारला, एवढेंच सिद्ध होतें. हिरव्या वस्त्राची खूण वेगळी. जुना हिरवा बहुधा नीळ व हळद यांचा दुहेरी. त्यांतली हळद उन्हानें आधीं जाते आणि कापड निळसर दिसूं लागतें. मॅलाकाइट ग्रीन एकेरी असल्यामुळें सगळाच फिका पडतो.

गेल्या वर्षीं त्या बाईंचा नातू शेला व याद घेऊन माझ्या घरीं आला. बाई आतां नाहींत. घरांत वांटणी व्हावयाची होती आणि शेल्याची नोंद काय करावी हें त्यास विचारावयाचें होतें. मीं या वेळीं आधीं भिंग हातीं घेतलें. यादीवरचा शिक्का मोडी अक्षरांच्या वरून मारलेला आहे. काजळीच्या रेघा त्याच्या खालून अखंड जातात. अक्षर, कागद आणि शके यांत विसंगत असें कांहीं नाहीं. याद अस्सल आहे, शिक्का नंतरच्या कोणा संग्रहकाराचा आहे. नक्कल असण्याची माझी कल्पना त्याच ठिकाणीं संपली.

मग रंग. काठाचा एक सुटलेला धागा नातवाच्या परवानगीनें घेतला. तुलनेसाठीं मॅजेंटानें रंगविलेलें सूत जवळ ठेवलें. दाहक क्षाराच्या थेंबानें मॅजेंटाचें सूत पांढुरकें पडलें आणि आम्लानें पुन्हां रंगलें. शेल्याच्या धाग्यास धुण्याच्या सोड्याचें सौम्य पाणी लाविलें तों तो पिवळट झाला आणि लिंबाच्या रसानें पुन्हां गुलाबी झाला. रंगारी कुसुंबा ज्या क्रमानें चढवीत, तोच क्रम थेंबभर पाण्यांत दिसला. असली घरगुती परीक्षा पुरावा म्हणून पुरेशी नाहीं, आणि वस्त्राच्या अंगावर तर ती कधींच करूं नये. म्हणून धाग्याचा उरलेला तुकडा एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेंत वर्णलेखनासाठीं दिला. तेथें करडईच्या फुलांतील तांबडें द्रव्य, कार्थामिन, मिळालें. क्षारकीय जातीचा कोणताही रंग मिळाला नाहीं.

भडकपणाविषयीं माझा तर्क कसा फसला तेंही सांगतों. कुसुंबा उडतो, हा शेला उडालेला नाहीं, म्हणून हा कुसुंबा नव्हे, असें माझें अनुमान होतें. पण मॅजेंटाही उडतोच. तेव्हां त्या कारणानें तो मॅजेंटाही ठरत नव्हता. शेल्याच्या बाहेरच्या घड्या फिक्या बदामी झाल्या आहेत, आंतल्या घड्यांस मात्र वर्षांतून एका दिवसापलीकडे उजेड लागलाच नाहीं. तो भडकपणा सासूबाईंच्या पेटींतल्या अंधाराचा होता.

शेला शके १७३१ चाच आहे असें रंगावरून म्हणतां येत नाहीं, कारण कुसुंबा पुढेंही पुष्कळ वर्षें होत होता. यादींतील वर्णन, लांबी व काठाची वीण शेल्याशीं जुळतात आणि रंग त्यांच्या आड येत नाहीं, इतकेंच म्हणतां येतें. तेव्हां मंडळाच्या नोंदवहींतील माझा शेरा खोडून पुढील शेरा घालावा अशी चिटणिसांस विनंति केली आहे: ‘शेला सुती, कुसुंबी, एक, रंग करडईच्या फुलांचा, परीक्षित, शके १७३१ च्या यादींतील शेल्याशीं जुळतो, याद अस्सल, शिक्का उत्तरकालीन.’ त्याची एक प्रत त्या घरीं पाठविली आहे. शेला दसऱ्यास काढावयाचा असल्यास दिवसा उघड्या खिडकीसमोर ठेवूं नये, एवढें तिच्याखालीं मीं हातानें लिहिलें आहे.